कोळशाचे स्टंप आणि ओला खडू

आमच्या आधीच्या पिढीला सनावळीचं काही पडलेलं नव्हतं. थोरले काका 'गोदीत स्फोट झाला त्या सालचे', आत्या 'रामदास बुडाली त्या पावसातली', आणि धाकट्या काकाचं लग्न 'संपाच्या आदल्या वर्षी'. शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारली की मास्तरांनीच अंदाजाने काहीतरी टाकायची. चाळीतल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात का येत, त्याचं कारण हे. पुढे शिकल्यावर आम्ही पुस्तकं बघून तारखा लावल्या. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उडालं ते १४ एप्रिल १९४४ ला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली ती १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावस्येच्या दिवशी. सहाशेंहून जास्त माणसं गेली. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. फोर्ट स्टिकिनवर सोन्याच्या विटा होत्या, आणि त्यातली एक उडून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. आजीला ही गोष्ट सांगितली की ती म्हणायची, सोनं पडलं भलत्याच्या घरात, आमच्या नशिबी नुसती जळक्या कापसाची राख.

डिलाईल रोड, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, माझगाव इथल्या ज्या घरांतले पुरुष गोदीत नाहीतर गिरणीत होते, त्या बहुतेक घरांचं पंचांग हेच. आमच्या पिढीने त्यात बदल केला तो एवढाच, की आम्ही वर्षं खेळावरून मोजायला लागलो. १९७१, म्हणजे गावसकरच्या ७७४ धावांचं वर्ष. मी तेव्हा दुसरीत. अमक्या काकांना पोर्ट ट्रस्टची कायम नोकरी लागली ती आपल्या मंडळाने चषक आणला त्या थंडीत. घरातला जमाखर्च, बारसं, बदली, सगळं अशा एखाद्या सामन्याला बांधलेलं.

आजोबा मालवणकडून बोटीने आले, चौदा-पंधरा वर्षांचे असताना. आम्ही तोच प्रवास उलटा करायचो, मे महिन्यात. तेव्हा 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' या बोटी होत्या. भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून रांग. डेकवर जागा धरायची तर चटई टाकायची, आणि आपली चटई टाकून होईतो दुसऱ्याने तिच्यावर ट्रंक ठेवलेली असायची. डिझेलचा वास, उलट्या, लिंबाची फोड, आवळासुपारी. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत बोट जायची. मालवणला ती बाहेरच खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, बोचकी, कोंबड्या सगळं होडीत उतरायचं. होडी टेकली की खलाशी पोरांना खांद्यावर घेऊन ओल्या वाळूवर ठेवत. परतताना पावसाआधीची शेवटची बोट चुकली तर एसटीचा घाट नशिबी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी या बोटी बंद पडल्या. आज लोक त्या प्रवासाच्या आठवणी फार गोड करून सांगतात. मला तरी त्यातली उलटीच जास्त आठवते.

आजोबा उतरले ते गाववाल्यांच्या खोलीवर. एका खोलीत वीसेक माणसं, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने. खाणावळ चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचलेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना एकत्र करून. लग्न झाल्यावर आजोबांना डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत खोली मिळाली. १६० चौरस फूट. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी, एकेका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. एका मजल्यावर मालवणी, रत्नागिरीकडचे, सातारा-कऱ्हाडचे, एखादं तेलुगू कुटुंब. 'कोकणी' आणि 'घाटी' हे शब्द दिवसभर एकमेकांच्या तोंडावर फेकायचे आणि संध्याकाळी एकाच्या घरचं सुकट दुसऱ्याच्या भाकरीवर.

गोदीत आजोबा एका तिंडलाच्या, म्हणजे मुकादमाच्या, टोळीत होते. पोती ओढायचा लोखंडी हूक दाराच्या मागे खुंटीला टांगलेला असे, आणि त्याला हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती. त्यांच्या टोळीत घाटावरचे होते, रत्नागिरीचे मुसलमान होते, आणि धोबीतलावच्या कुडांत राहणारे गोव्याचे खलाशी त्यांच्या ओळखीचे. जहाजावरचं ओझं वर घ्यायचं तर 'हाबिस' आणि खाली सोडायचं तर 'आर्या', ही गोदीची भाषा घरापर्यंत यायची. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून भाजीवाल्याकडे सोडताना आमच्या चाळीत कोणी 'सोड' म्हणत नसे. अख्खा मजला 'आर्या, आर्या' ओरडायचा. डॉकयार्ड रोडजवळ एक चिनी देऊळ आहे, तेही आजोबांनीच दाखवलं. बंदरात कोण कुठून आला हे विचारायची गरज पडायची नाही, ते त्याच्या डब्यावरून कळायचं.

आता भिंतींकडे येतो.

हल्ली भिंतींवरच्या चित्रांवर पुष्कळ लिहून येतं. आमच्या भिंतीवरचं पहिलं चित्र आम्हीच काढलेलं होतं: कोळशाने तीन उभ्या रेघा आणि वर एक आडवी. कोळसा घरच्या शेगडीतला, न पेटलेला. जिन्याखालच्या चुन्याच्या भिंतीवर त्या रेघा रोज नव्याने ठळक कराव्या लागत, कारण बॅटिंगवाला खेळायला उभा राहताना पाठीने त्या पुसत असे, आणि ते नेहमीच चुकून होत नसे. टेनिसचा चेंडू स्टंपाला लागला की नाही, यावर भांडण ठरलेलं. निकाल चेंडू तपासून लावायचा. गटारात पडून ओला झालेला चेंडू कोळशाच्या रेघेवर आदळला तर त्याच्या लवेवर काळा डाग उमटायचा. बॉलर चेंडू उचलून अंपायरच्या नाकापुढे धरायचा. मग चलाख पोरं आधीच अंगठा काळा करून ठेवायला शिकली आणि चेंडू उचलता उचलताच डाग पाडू लागली. त्यावर उपाय म्हणून चेंडू बॉलरने उचलायचा नाही, स्लीपमधल्याने उचलायचा, असा नियम झाला. तो नियम आमच्या चाळीत आमच्यानंतरच्या पोरांनीही पाळला. आजी गॅलरीतून ओरडायची, "मेल्या, भिंत काळी केलंस ती पुसतलो कोण?" पुसायचं कोणीच नाही. दिवाळीआधी चुना लागला की नवी भिंत, नवे स्टंप.

मोठ्यांच्या भिंती वेगळ्या. निवडणुका आल्या की रस्त्याकडेच्या गिरण्यांच्या कुंपणावर रात्रीत विळा-हातोडा, पणती, गायवासरू उगवायचं, आणि पुढे पुढे सगळीकडे वाघ. हे काम पेंटरचं. आमच्या नाक्यावरच्या पेंटरचं काम बघत बसणं हा आमचा सुट्टीतला उद्योग होता. आधी चुन्याचा हात. मग दोघांनी दोन टोकांना सुतळी धरायची, नीळ लावलेली, ताणलेली. मधोमध तिला चिमटीत धरून टिचकी मारली की भिंतीवर सरळ निळी रेघ. अशा दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचं. वाघाचा जबडा तो कशाला न बघता काढायचा. एकदा त्याच हाताने त्याने गणपतीच्या मंडपामागे सोबर्सची कव्हर ड्राइव्ह काढली होती, मासिकातल्या फोटोवरून, आणि सोबर्सचा चेहरा थोडा चाळीतल्या एका काकांसारखा झाला होता. त्या काकांना पुढे कित्येक वर्षं लोक सोबर्स म्हणत. त्यांनी आयुष्यात बॅट धरलेली नव्हती.

पण खरी कारागिरी फळ्याची. प्रत्येक मंडळाचा एक काळा फळा नाक्यावर असायचा. त्यावर कोणाचं निधन, कुठे सत्यनारायण, गावच्या मुंबई मंडळाची सभा, दहावीत कोण पास आणि काल रात्रीच्या सामन्याचा निकाल. कोरड्या खडूने लिहिलेलं अक्षर भुरं दिसतं आणि हात लागला की जातं. म्हणून खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचा. ओला असताना अक्षर धड दिसत नाही, लिहिणाऱ्याला अंदाजानेच हात फिरवावा लागतो. वाळलं की मग ते पांढरंशुभ्र, ठसठशीत उठून येतं आणि सहज पुसलं जात नाही. फलकलेखन करणाऱ्याला मंडळात अध्यक्षाच्या खालोखाल मान. शीर्षकाला लाल-पिवळ्या खडूची सावली, कोपऱ्यात छोटं चित्र. कबड्डीचा निकाल असेल तर उडी मारून मध्यरेषेला हात लावणारा गडी, दोन रेघांतच काढलेला.

या फळ्यावरची माझी सगळ्यात जुनी आठवण २४ ऑगस्ट १९७१ ची. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. ओव्हलवर कसोटीचा शेवटचा दिवस. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा जणांना गुंडाळून इंग्लंडला १०१ वर आणलं होतं. बोटी पावसात बंद, रजा नाही, म्हणून आमचं घर त्या वर्षी गावच्या गणपतीला गेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे रेडिओ; एक पोरगा तिथे उभा, दुसरा मध्ये, तिसरा फळ्याजवळ, अशी साखळी लावलेली. लिहिणारा एका हाताने छत्री धरून धावा पुसत आणि लिहीत होता. संध्याकाळी सातच्या पुढे, आरती सुरू व्हायच्या बेतात असताना अबिद अलीने विजयी चौकार मारला आणि बातमी त्या तीन पोरांकडून मंडपात पोचली. आरती त्या दिवशी कोणत्या तालात झाली ते सांगता येणार नाही. झांजा वाजवणाऱ्यांपैकी दोघे तर रस्त्यावरच नाचत होते. ओव्हलवर म्हणे गणपतीचा दिवस म्हणून कोणीतरी प्राणिसंग्रहालयातून हत्तीण आणली होती. हे आम्हाला नंतर पेपरात कळलं. आजीला त्यात नवल वाटलं नाही.

त्या वर्षीचं दुसरं यश तर समुद्रापारच्या दुसऱ्या बंदरातलं. वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते पोर्ट ऑफ स्पेनला, आणि शेवटच्या कसोटीत गावसकरच्या १२४ आणि २२० धावा झाल्या त्याही तिथेच. त्रिनिदादमध्ये उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची नातवंडं-पतवंडं होती. ती भारताच्या बाजूने ओरडत होती. लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकाने गावसकरवर कॅलिप्सो रचलं. त्याच मालिकेत मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईने ६४२ धावा केल्या. आणि आमच्या शिवाजी पार्कचा सुभाष गुप्ते, ज्याने १९५८ मध्ये कानपूरला याच वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ जण काढले होते, तो तिथल्या मुलीशी लग्न करून कधीचाच त्रिनिदादला जाऊन राहिला होता. आजोबांना हे फार आवडायचं. मालवणचा माणूस मुंबईत येतो, मुंबईचा त्रिनिदादला जातो, यात त्यांना आश्चर्य काहीच नव्हतं. बोटी असतात कशासाठी, असं ते म्हणायचे.

गावसकर तसा लांबचा नव्हे, ताडदेवच्या चिखलवाडीतला. त्याच्या जन्माची गोष्ट तर साऱ्या मुंबईला पाठ. इस्पितळात पाळण्यात बाळांची अदलाबदल झाली आणि कानाजवळच्या छोट्या भोकाची खूण लक्षात असलेल्या काकाने तो शोधून काढला, तो एका कोळणीच्या कुशीत. आमच्या चाळीत मासे घेऊन येणारी कोळीण यावर खूश असायची. तो आमच्याकडेच राहिला असता तर काय बिघडलं असतं, कोळंबी सोलता सोलता सिक्सर मारायला शिकला असता, असं ती म्हणायची.

आमच्या घरात मात्र खरा मान होता एकनाथ सोलकरला. वडील मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याचे माळी, कुटुंब मैदानातल्याच खोलीत. लहानपणी तिथला स्कोअरबोर्ड तोच बदलायचा असं सांगतात, म्हणजे तोही एका अर्थी फळ्यावरचाच माणूस. हेल्मेट नसलेल्या काळात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटीखाली जवळजवळ, तो उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल घेताना तो आडवा पसरला आहे, तो फोटो चाळीत निदान पाच-सहा घरांत कापून चिकटवलेला होता, देवाच्या फळीशेजारी. वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत, १९७५ च्या जानेवारीत, त्याने १०२ केल्या. त्याचं कसोटीतलं ते एकुलतं शतक. आमचे वडील गावसकरचं कौतुक करायचे आणि सोलकरवर जीव टाकायचे. एक गिरणीतला फिटर माळ्याच्या पोराकडे कोणत्या नजरेने बघत असेल, हे मला बरंच उशिरा उमगलं.

आणि पद्माकर शिवलकर. त्यांच्याबद्दल बोलताना आमच्या पिढीचा आवाज आपोआप एक पट्टी वर जातो. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, कसोटी एकही नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर मुंबईच्या धावा झाल्या १५१ आणि ११३. एवढ्यात कोणी जिंकतं का? शिवलकरांनी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच घेतले, तामिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूला सामना संपला. भारताच्या संघात तसाच डावखुरा फिरकीवाला बेदी होता म्हणून शिवलकरांना जागा झाली नाही, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण तेवढ्याने आमचं समाधान कधी झालं नाही, अजूनही होत नाही. २०१७ मध्ये त्यांना आणि राजिंदर गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव मिळाला. मार्च २०२५ मध्ये ते गेले. ते गाणंही छान म्हणायचे. तसं गावसकरनेही शांताराम नांदगावकरांच्या शब्दांवर मराठी गाण्याची तबकडी काढली होती. ज्यांनी ती ऐकली आहे ते दोघांत शिवलकरांनाच गायक म्हणतील.

हे सगळे पेपरात यायचे. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, रेडिओवर बाळ ज. पंडित मराठीतून सामना सांगायचे, त्यामुळे चाळीतल्या बायकांनाही गली आणि पॉइंट यातला फरक माहीत. कबड्डीचं तसं नव्हतं. कबड्डी ही आमच्या डोळ्यांदेखत घडायची. दिवाळी झाली की दोन चाळींमधल्या पटांगणात माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, चुन्याने रेघा. तीन बाजूंना बांबूची गॅलरी, चौथी बाजू चाळीचीच गॅलरी, तिकीट नाही. दादरचा विजय क्लब, अमर हिंद मंडळ, लालबाग-परळचे संघ येणार म्हटलं की घराघरात जेवणं आठच्या आत.

आमच्या मजल्यावर एक चढाईपटू होता. नाव देत नाही. घरची मंडळी आहेत आणि त्यांना आवडणार नाही. गिरणीत बदली कामगार, अंगाने काटकुळा. चढाईला जाताना डावा हात मागे कमरेवर ठेवायचा, जणू धोतराचा सोगा धरलाय. निदान रेषा ओलांडून तो एका जागी थांबायचा, दम चालू, नजर भलतीकडे, आणि मग कोपऱ्यातला गडी घोटा धरायला वाकला की त्याच्याच पाठीवरून उडी. पाय घोट्यात सापडला तरी तो आडवा पडून अंगाची लांबी वाढवायचा आणि बोटांची टोकं मध्यरेषेच्या चुन्यावर टेकवायचा. पंच वाकून त्याच्या बोटांना चुना लागलाय का ते बघायचे. प्रतिस्पर्ध्यांवर लोण चढला की आई, काकू, आजी सगळ्याजणी गॅलरीतून ताटं वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर हळद लावलेला तो सकाळी आमच्याबरोबरच संडासच्या रांगेत, हातात टमरेल. फळ्यावर त्याचं नाव लाल खडूच्या सावलीसकट, आणि रांगेत पुढे सोडायला कोणी तयार नाही. पुढे एका मोठ्या आस्थापनेच्या संघाने त्याला उचललं आणि कायम नोकरी लागली. तेव्हा रेल्वे, पोलीस, बँका, पोर्ट ट्रस्ट, महिंद्र यांचे संघ असत, आणि चांगली पकड येणाऱ्या पोराच्या घरी दरमहा पगार यायचा. ८२ च्या संपानंतर आमच्या मजल्यावर ज्या थोड्या घरांची चूल रोज पेटली, त्यात त्याचं घर होतं.

संपाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले बरेच परत आत गेलेच नाहीत. आमच्या वडिलांनी फिटरची हत्यारं विकली नाहीत, एवढं मात्र खरं. ती अजून आहेत. मंडळाच्या स्पर्धा दोन वर्षं झाल्या नाहीत. बांबूवाल्याचे पैसे कोण देणार?

कबड्डी मोठी होत गेली ती त्यानंतर. त्याआधी १९७२ मध्ये सदानंद शेट्ये यांना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळापायी आयुष्य घातलं, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो आला, भारताला सुवर्ण. जुलै २०१४ मध्ये वरळीच्या एनएससीआयवर प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुम्बाचा. मॅट, दिवे, नट-नट्या. आम्ही गेलो होतो. छान वाटलं. माती नव्हती म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. मातीत गुडघे फुटायचे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पैसे लागायचे.

आणि मुंबईच्या भिंतीही मोठ्या झाल्या. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लेमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके रंगवले, लांबून दिसतील असे. २०१७ च्या शेवटी ससून डॉकवर चित्रप्रदर्शन झालं. १८७५ मध्ये बांधलेली ती गोदी, जिथे आजही पहाटे कोळंबीचे ढीग पडतात, तिथल्या भिंतींवर कोळी बायाबापड्यांचे मोठमोठे चेहरे लागले. मी मुद्दाम बघायला गेलो. चित्रं उत्तम होती. एक मावशी आपल्याच जातीच्या बाईच्या चेहऱ्याखाली टोपली ठेवून बसली होती आणि फोटो काढणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगत होती, बर्फ वितळतोय म्हणून. मला दोघीही आवडल्या, पण टोपलीवाली जास्त.

वानखेडेवर २०२३ पासून सचिनचा पुतळा आहे. शिवाजी पार्कात ३ डिसेंबर २०२४ ला रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक झालं, मालवणात जन्मलेल्या माणसाचं; ते व्हायलाच हवं होतं. वानखेडेवर ७१ चे कर्णधार वाडेकर यांच्या नावाचा स्टँड आहे. हे सगळं योग्य. तरी माझं मत असं आहे की गिरणगावाच्या एखाद्या तरी भिंतीवर सोलकर आडवा पसरलेला असायला हवा, आणि त्याच्या शेजारी शिवलकरांचं ते चेपॉकचं पृथक्करण, ठोकळा अक्षरात. क्रिकेटच्या देवांना जागा मिळतेच. माळ्याच्या पोराला आणि कसोटी न खेळलेल्याला भिंत मिळायची तर ती आपणच द्यायला लागेल.

भिंती तशा राहिल्यात किती, हाही प्रश्न आहे. बीडीडी चाळी पाडून टॉवर उठतायत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत, संडास घरात, लिफ्ट. चाळीच्या आठवणी काढून रडणाऱ्यांनी एक आठवडा टमरेल घेऊन रांगेत उभं राहून दाखवावं, मग बोलू. पण टॉवरच्या तळमजल्यावर पार्किंग आहे, आणि तिथे भिंतीवर काही लिहायला सोसायटीची मनाई आहे. नाक्यावरचा फळा गेला, त्याच्या जागी मोबाइलवरचा ग्रुप आला, त्यात सकाळी फुलांचे फोटो येतात.

आमच्या पिढीला हात जोडून एक सांगायचं आहे. खोल्या रिकाम्या करताना माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जातायत. त्यांत निमंत्रितांच्या कबड्डी स्पर्धांची पिवळी पडलेली हँडबिलं आहेत, मंडळाचे अहवाल, संघाचे फोटो, फळ्यासमोर उभं राहून काढलेले गणपतीतले फोटो, गोदीचे बिल्ले, बोटीची तिकिटं. रद्दीवाला या सगळ्याचे किलोने पैसे देतो. देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, गाव आणि साल टाका, कोण कुठल्या गिरणीत नाहीतर गोदीत होता तेही लिहा. ज्यांना ती नावं अजून येतात अशी माणसं प्रत्येक इमारतीत चार-दोनच उरली आहेत. त्यांच्याकडे या आठवड्यात जाऊन या.